रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं

वर्षानुवर्षं कंबर दुखणाऱ्या माणसाच्या हातात नॉर्मल रिपोर्ट पडला की घरचेच त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. जितकी इजा तितकं दुखणं, आणि इजा दिसत नसेल तर दुखणंही नाही, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यापायी असंख्य रुग्णांवर अन्याय होतो.

तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो आणि वेदना त्यानंतर जाणवते. हात मागे घेण्याचं काम मज्जारज्जू परस्पर करतो, मेंदूची वाट पाहत नाही. त्वचेत धोका टिपणारी चेतातंतूंची टोकं असतात, त्यांना नॉसिसेप्टर म्हणतात. त्यांचा संदेश दोन वाटांनी निघतो. ए-डेल्टा तंतूंतून तो सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने जातो, सी तंतूंतून जेमतेम 2 मीटरने. म्हणून आधी चटका बसतो आणि मागाहून रेंगाळणारी आग होते. पण तंतूंतून जातो तो फक्त धोक्याचा संदेश, म्हणजे नॉसिसेप्शन. त्याची वेदना होते ती मेंदूत. वाटेत मज्जारज्जूत हा संदेश दबतो किंवा वाढतो, असं रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तात मांडलं. मार लागलेली जागा चोळली की बरं वाटतं, कारण स्पर्शाचे तंतू वेदनेच्या संदेशाला अडवतात. त्या सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला.

म्हणूनच इजा आणि वेदना यांची जोडी दोन्ही बाजूंनी तुटते. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या अनेक सैनिकांनी मॉर्फिन नको म्हटल्याचं हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवलं. पाठ अजिबात न दुखणाऱ्यांच्या स्कॅनचा मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. उलट, इजा भरून आल्यावरही चेतासंस्था हळवी राहू शकते. मज्जारज्जूतल्या पेशी किरकोळ संदेशालाही मोठा प्रतिसाद देऊ लागतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मग साधा स्पर्शही दुखतो. त्याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात.

यावर कुणी म्हणेल, मग हे मनाचेच खेळ झाले. तसं नाही. पेशींतले हे बदल प्रयोगशाळेत मोजता येतात, आणि वेदना मेंदूत घडते म्हणून ती खोटी ठरत नाही. दिसणं आणि ऐकणंही तिथेच घडतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असं मानलं तर लोक धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करतील. वेदनेचं मोल कुष्ठरोगात कळतं. तिथे संवेदना गेल्याने जखम झालेली कळतच नाही, आणि ती चिघळत जाते. म्हणून नवं दुखणं, ताप, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं या गोष्टी ताबडतोब डॉक्टरांना दाखवायलाच हव्यात. पण तपासणीत गंभीर कारण निघालं नाही आणि दुखणं तीन महिन्यांहून अधिक टिकलं, तर फक्त इजा शोधत राहून भागत नाही. तिथे झेपेल तसा वाढवत नेलेला व्यायाम, झोप आणि भीती कमी करणारी माहिती हे उपचाराचेच भाग ठरतात. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये व्याख्या सुधारताना, माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याचा मान राखावा, असं स्पष्ट नमूद केलं. उपचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, दवाखान्यात आणि घरातही.