लसीकरण आणि सोबती : सोनाळा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

लसीकरणाच्या अभ्यासात सामान्यतः दोनच पक्ष गृहीत धरले जातात : लस देणारी शासनसंस्था आणि ती लस घेणारी किंवा नाकारणारी व्यक्ती. वस्तुतः या दोहोंमध्ये पुष्कळदा एक तिसरी व्यक्ती उभी असते. ती डॉक्टर नसते, आरोग्यसेविका नसते, कित्येकदा नातलगही नसते. शेजारीण, शेतावरची जोडीदारीण, शाळेतला जुना मित्र किंवा हाती फोन असलेला गावातला एखादा तरुण असे तिचे रूप असते. वार्धक्य, दीर्घ आजार, अपंगत्व किंवा दारिद्र्य यांमुळे ज्याची प्रकृती वा परिस्थिती नाजूक झाली आहे अशा माणसाने लस घ्यावी की न घ्यावी, आणि घ्यावयाचे ठरल्यास ती त्याच्यापर्यंत पोहोचावी कशी, हे दोन्ही प्रश्न अशा तिसऱ्या माणसाच्या साहाय्यावाचून अनेकदा अडून राहतात. प्रस्तुत लेखात या व्यक्तीस ‘सोबती’ ही संज्ञा योजिली असून तिच्या कार्याचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

विवेचनाला एक निश्चित भूमी असावी म्हणून सोनाळा गाव व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. त्याच्या एका अंगास कापूस-सोयाबीनचे सपाट रान आहे, तर दुसऱ्या अंगास अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर व त्यांच्या आश्रयाने वसलेल्या आदिवासी वस्त्या आहेत. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र असून तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय वरवट बकाल येथे आहे. डोंगराकडील वस्त्यांतून मराठीखेरीज कोरकू भाषा कानी पडते. जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत निहाली ही भाषा बोलणारे लोकही आहेत. निहालीचे कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चित नाते जुळत नाही आणि तिच्या भाषकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते. लशीसंबंधीची माहिती छापील मराठीत उपलब्ध असणे आणि ती एखाद्या वृद्धेला समजणे या दोन गोष्टी येथे एक नाहीत, हे आरंभीच लक्षात घ्यावयास हवे.

२. ‘नकार’ या शब्दाची फोड

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लशीविषयीच्या दोलायमानतेची तीन कारणे मांडली : विश्वासाचा अभाव, धोक्याविषयीची बेफिकिरी आणि सोयीची उणीव. ही विभागणी उपयुक्त आहे. तथापि गावपातळीवरील नोंदवहीत या तिन्हींसाठी बहुधा एकच शब्द पडतो, आणि तो म्हणजे ‘नकार’. या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या अवस्था लपलेल्या असतात.

पहिली अवस्था अशी की, संबंधित माणसाला खऱ्या अर्थाने कोणी विचारलेलेच नसते. घराशी येऊन गेलेल्या पथकाला सुनेने परस्पर उत्तर दिलेले असते. दुसरी अवस्था भयाची. आधीच्या दुखण्यात लशीने भर पडेल, ताप येऊन मजुरी बुडेल किंवा शेजारच्या गावी कोणी दगावले ते लशीनेच, असे हे भय असते. तिसऱ्या अवस्थेत इच्छा असते पण साधन नसते. केंद्रापर्यंतचे भाडे, ओळखपत्र, फोन किंवा बरोबर येणारे माणूस यांपैकी काहीतरी उणे असते, आणि उणीव सांगण्याचा संकोच वाटल्यामुळे माणूस ‘मला नको’ एवढेच बोलून मोकळा होतो. चौथी अवस्था मात्र खऱ्या नकाराची : सर्व ऐकून, समजून घेतलेला निर्णय.

या चार अवस्थांवर एकच उपाय लागू पडणे शक्य नाही. पहिलीला विचारणा हवी, दुसरीला माहिती आणि वेळ हवा, तिसरीला वाहन हवे, आणि चौथीला आदर हवा. तिसऱ्या अवस्थेतील माणसापुढे लशीच्या गुणांवर व्याख्यान देणे व्यर्थ आहे. त्याला व्याख्यानाची नव्हे, भाड्याची अडचण असते. कोणती अवस्था आहे हे ओळखणे हेच सोबत्याचे पहिले कार्य होय, आणि ते बाहेरून आलेल्या पथकापेक्षा परिचिताला अधिक साधते. ‘मावशी, तुमाले भेव कायचं वाटते?’ हा प्रश्न विचारून गप्प बसण्याइतका अवकाश पथकाजवळ क्वचितच असतो.

३. इतिहासाची साक्ष

परिचयाचे हे मोल महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत प्लेगची साथ चालू असता डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर तिच्या प्रसारास ज्यांचे विशेष साहाय्य झाले त्यांत खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान हे होत. आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून आपण त्यांच्यासमक्ष पुनःपुन्हा टोचून घेतले, असे त्यांनी आत्मवृत्तात नमूद केले आहे. लोकांनी लशीवर विश्वास ठेवण्यापूर्वी ओळखीच्या दंडावर विश्वास ठेवला, असा याचा अर्थ.

याच वर्षी पुण्यात याच्या अगदी उलट चित्र दिसले. तेथे प्रश्न लशीचा नव्हता, तर घरझडती व विलगीकरण यांचा होता. सैनिकांकरवी घरे तपासली गेली, लोकांच्या मनात संताप साठला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग तोच होता. माणसाच्या दारी जाण्याची रीत निराळी होती.

विश्वासाला सत्याचीही जोड लागते. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात हाफकिनच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मरण पावले. दोष लशीच्या घटकांत नव्हे, तर बाटली दूषित होण्यात होता, असे पुढे मानले गेले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. परंतु घडलेले मृत्यू खरे होते. ‘लशीने कधी कोणाला काही होत नाही’ असे सांगणारा सोबती म्हणूनच आपल्या स्नेह्याची सेवा करीत नाही. पहिली प्रतिकूल वार्ता कानी येताच त्याचा शब्द कायमचा हलका होतो.

सोनाळ्यासारख्या गावात वृद्धांपाशी स्वतःचा असा एक पुरावाही आहे. साठी उलटलेल्या पुष्कळांच्या दंडावर किंवा हातावर देवी काढल्याचे वण आजही दिसतात. देवीच्या रोगाचा भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला. ज्या रोगाला देवीचे नाव होते तो आपल्या हयातीत नाहीसा झाला, हे या पिढीने पाहिले आहे. लस म्हणजे काय हे तिला परक्या शब्दांत समजाविण्यापेक्षा त्या वणाची आठवण देणे अधिक सार्थ ठरते.

४. निर्णयात साहाय्य

निर्णयास साहाय्य करणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे. प्रकृती नाजूक असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही मर्यादा शास्त्रीय कारणांनीही पाळावी लागते. सर्व लशी एका जातीच्या नसतात. काहींत दुर्बल केलेला पण जिवंत जंतू असतो. गोवर-गालगुंड-रुबेला व कांजिण्या यांवरील लशी या प्रकारच्या होत. ज्यांची प्रतिकारशक्ती कर्करोगावरील उपचारांमुळे किंवा तत्सम कारणाने बरीच खालावली आहे, अशांना जिवंत लशी सामान्यतः वर्ज्य असतात. इन्फ्लुएंझाची टोचावयाची लस किंवा न्यूमोकोकस जंतूवरील लस ही या प्रकारची नाही, आणि दुर्बल प्रकृतीच्या माणसालाच तिची गरज अधिक असते.

विदर्भाच्या दृष्टीने सिकलसेल हे याचे ठळक उदाहरण आहे. या आनुवंशिक रोगात प्लीहा हळूहळू निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धची शरीराची एक मोठी फळी कोसळते. अशा रुग्णाला ‘तू आधीच आजारी, तुला सुई कशाला?’ असे आपुलकीने सांगितले जाते. वास्तविक तो आजारी आहे म्हणूनच त्याला काही लशींची अधिक निकड असते. उलटपक्षी, त्याला कोणती लस, कोणत्या क्रमाने व किती अंतराने द्यावी हे वैद्यकीय अधिकाऱ्यानेच ठरवावयाचे असते. सोबत्याने येथे एवढेच करावे : चालू औषधांची पाकिटे, जुनी कागदपत्रे आणि पूर्वी एखाद्या औषधाची किंवा लशीची तीव्र बाधा झाली असल्यास तिची माहिती एकत्र करून डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी आल्यावर स्नेह्याच्या भाषेत पुन्हा सांगावे.

धोक्याची तुलनाही प्रामाणिकपणे मांडता येते. लस घेतल्यावर दंड दुखणे, एक-दोन दिवस कणकण येणे हे सर्वसाधारण होय. तीव्र ॲलर्जी अत्यंत विरळ असते आणि ती बहुधा थोड्याच वेळात दिसून येते. कोविड लशीनंतर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवीत असत ते याच कारणासाठी. कोविशील्डच्या वर्गातील लशींनंतर क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा विकार आढळतो, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. या गोष्टी लपवू नयेत. पण त्यांच्याच शेजारी त्या रोगाने वृद्ध व मधुमेही माणसास असलेला धोका ठेवावा, म्हणजे तराजूची दोन्ही पारडी दिसतील.

५. लशीपर्यंतची वाट

निर्णय झाला तरी लस मिळतेच असे नाही. याचे एक कारण लशीच्या कुपीतच असते. कोविशील्डच्या एका कुपीत १० मात्रा असत आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. एकट्यादुकट्या माणसासाठी कुपी उघडणे म्हणजे उरलेल्या मात्रा वाया जाण्याचा धोका. डोंगराकडून मजुरी बुडवून आलेल्या बाईला ‘आणखी माणसे जमू द्या’ असे ऐकावे लागले, तर त्यामागे कर्मचाऱ्यांची अनास्थाच असते असे नव्हे. कुपीचे गणितही असते. मात्र बाईच्या दृष्टीने परिणाम एकच : ती पुन्हा येत नाही, आणि नोंदवहीत ‘नकार’ पडतो. हे गणित ठाऊक असलेला सोबती आधी आशा स्वयंसेविकेकडून सत्राचा दिवस विचारून घेतो, वस्तीतील आठ-दहा जणांना एकत्र आणतो आणि एकच वाहन ठरवितो.

दुसरा अडथळा कागदाचा. मे २०२१ च्या आरंभी १८ ते ४४ वयोगटाला नोंदणी ऑनलाइन करणे आवश्यक होते आणि कोविन प्रणालीवर एका भ्रमणध्वनी क्रमांकावर चारच नावे चढविता येत. ज्याच्या घरी फोन नाही त्याचा लशीचा हक्क शेजाऱ्याच्या फोनवर अवलंबून राहिला. ओळखपत्र नसलेल्यांसाठी त्याच महिन्यात केंद्र शासनाने स्वतंत्र कार्यपद्धती ठरविली. तीत भटके, साधू, भिक्षेकरी, संस्थांमध्ये राहणारे इत्यादी गटांसाठी एका प्रमुख साहाय्यकाची योजना होती. सोबत्याच्या कार्याची शासनाने घेतलेली ही एक दखलच म्हणावी लागेल.

तिसरा अडथळा शरीराचा. जो अंथरुणातून उठू शकत नाही त्याने केंद्रावर यावे कसे? हा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहितयाचिकेद्वारे मांडला गेला आणि त्या वर्षाच्या मध्यास मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देण्यास प्रारंभ झाला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहिमेने हेच तत्त्व देशभर नेले. परंतु कोणत्या घरात असा माणूस आहे हे पथकाला सांगणारा कोणीतरी लागतोच. पडद्याआड खाटेवर पडलेली व्यक्ती यादीत आपोआप येत नाही.

चौथी बाब काळाची. आपल्याकडे इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्यात वाढतो. म्हणून त्याची लस पावसाळ्यापूर्वी घेणे हितकर, आणि विषाणूचे रूप पालटत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. वऱ्हाडातील मजुराला उन्हाळ्याच्या अखेरीस निंदण-पेरणीपूर्वीचा थोडा अवकाश असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तो नसतो. लशीचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक यांची सांगड घालणे हे कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसते. ते सोबत्यालाच सुचते.

६. साहाय्य आणि सक्ती यांतील सीमा

सोबत्याला आपले काम चोख करावयाचे असेल तर त्याला एक प्रलोभन टाळावे लागते, आणि ते म्हणजे दडपणाचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक मात्रा घेतल्याखेरीज शिधा व पेट्रोल मिळणार नाही असा आदेश निघाला होता. अशा उपायांनी आकडे वाढू शकतात. पण शिध्यासाठी सुई सोसलेला माणूस पुढच्या लशीच्या वेळी अधिक सावध, अधिक अबोल होण्याचा संभव असतो. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात, कोणत्याही व्यक्तीस लस घेण्याची बळजबरी करता येत नाही, असा निर्वाळा दिला आणि शारीरिक स्वायत्ततेचा आधार घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात दाखविला. त्याच निर्णयात सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला आहे, हे विसरून चालणार नाही.

मित्राजवळ मात्र निर्बंधाचा अधिकार नसतो, आणि तेच त्याचे बळ होय. त्याने विचारावे, ऐकावे, माहिती आणावी, डॉक्टरांची भेट घडवावी, गाडी सांगावी, टोचल्यानंतरच्या रात्री ताप पाहावयास जावे, आणि पुढील मात्रेची तारीख लक्षात ठेवावी. एवढे करूनही उत्तर ‘नाही’ असेच आले, तर त्या उत्तराला खरा नकार म्हणून मान द्यावा आणि येणेजाणे पूर्ववत चालू ठेवावे. आज नाही म्हणणारा माणूस पुढच्या पावसाळ्यापूर्वी ज्याच्याकडे पुन्हा विषय काढू शकेल असे एक तरी दार उघडे राहणे, हे त्या दिवशीच्या एका मात्रेहून कमी मोलाचे नाही.

यावरून अभ्यासकांसाठी एक सूचना निघते. लसीकरणाच्या क्षेत्रपाहणीत ‘घेतली’ व ‘नाकारली’ असे दोनच रकाने न ठेवता ‘कोणी विचारले’, ‘कोणत्या भाषेत विचारले’, ‘बरोबर कोण आले’ आणि ‘परत का जावे लागले’ हे रकानेही ठेवावेत. सोनाळ्याच्या परिसरात या रकान्यांची उत्तरे गोळा झाली, तर आज ज्याला आपण लोकांचा नकार म्हणतो त्याचा किती भाग वस्तुतः वाटेचा, भाषेचा आणि सोबतीच्या अभावाचा आहे, हे अंदाजाने नव्हे, तर मोजून सांगता येईल.