संकटातील मुक्या प्राण्यांस साहाय्य

दया हा सद्गुण खरा. परंतु तिला विवेकाची जोड नसेल, तर साहाय्य करणारा व संकटात सापडलेला प्राणी, अशा दोघांचाही घात होण्याचा संभव असतो. लूककृत शुभवर्तमानात विहिरीत पडलेल्या बैलाचा उल्लेख आहे. त्यास विलंब न लावता बाहेर काढावे, याविषयी दुमत नाही. मात्र विलंब न लावणे निराळे आणि विचार न करणे निराळे. आपल्या कळमेश्वर तालुक्यात संत्र्यांच्या बागा पुष्कळ आणि विहिरीही पुष्कळ. ज्यांस कठडा नाही, त्यांत गुरे, कुत्री व क्वचित रानातील जनावरेही पडतात. यास्तव पुढील गोष्टी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिला नियम हा, की विहिरीत स्वतः उतरू नये. जुन्या विहिरीच्या तळाशी दूषित वायू साचलेला असतो, आणि बुडत्या जनावराच्या धडपडीत पोहणाराही सापडतो. जनावराच्या गळ्यात दोर टाकून ओढल्यास त्यास फास बसतो. गर्दी हटवावी, गलबला थांबवावा व अग्निशामक दलास वर्दी द्यावी. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात विहिरीत पडलेल्या बिबट्यांस सोडविताना जाणते लोकही खाली उडी घेत नाहीत. ते प्रथम दोरांनी बाज किंवा फळी सोडून त्यास विसाव्याची जागा देतात व मग पिंजरा उतरवितात. हीच युक्ती लहान प्रमाणात मुलांसही साधेल. टाक्यात पडलेल्या खारीसाठी एक खडबडीत फांदी तिरपी लावून दूर व्हावे. ती आपली आपण वर येते.

संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेले पक्षी आढळतात. पंखात रुतलेला दोरा ओढू नये. त्याने जखम वाढते. दोन्हीकडचा लोंबता दोरा कापावा, पक्ष्यावर हलकेच फडके टाकून त्यास भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे आणि खोके अंधाऱ्या, निवांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो.

जखमी कुत्रे वेदनेने धन्यासही चावते, हा त्याचा कृतघ्नपणा नव्हे, भय होय. त्याच्या तोंडाशी हात नेऊ नये. मुलांनी तर दुरूनच राखण करून मोठ्या माणसास बोलवावे. चावा किंवा ओरखडा लागलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी, चुना-तिखट लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु वेळीच घेतलेली लस त्याचे प्राण वाचविते. म्हणून मार बसेल या भीतीने मुलाने चावा लपवू नये, व आईबापांनी अशी भीती घालू नये.

पाळीव जनावरांसाठी 1962 व रानटी प्राण्यांसाठी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. नागपुरास सेमिनरी हिल्स येथे जखमी वन्य प्राण्यांसाठी 2015 सालापासून उपचारकेंद्र आहे. रानटी पिलू माया लागली म्हणून घरी ठेवणे 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पिलाच्याही हिताचे नाही.

शेवटी, संकटातून सोडविण्यापेक्षा संकट टाळणे अधिक श्रेयस्कर. विहिरीस कठडा बांधावा, टाक्यावर झाकण घालावे. नायलॉनचा मांजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 साली बंद केला. तो विकत घेऊ नये, आणि झाडावर राहिलेला कोणताही मांजा पतंग उडविणाऱ्यानेच मोठ्यांच्या मदतीने काढून आणावा. मुक्या प्राण्यास आपले दुःख सांगता येत नाही. ते न सांगता ओळखणे हे मनुष्याच्या बुद्धीचे काम आहे.