कायद्याचे माप आणि मनातले माप

वजने-मापे ही वरवर पाहता बाजाराची बाब वाटते. वस्तुतः ती मातृभाषेइतकीच बालपणी अंगवळणी पडणारी गोष्ट आहे. ज्या मापाने मनुष्य प्रथम मोजावयास शिकतो, त्याच मापाने पुढे तो जगाचा अंदाज बांधतो. म्हणूनच मापे बदलणे सरकारला जेवढे सोपे, तेवढे ते माणसाला सोपे नसते.

भारताने १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धती स्वीकारली. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि पुढच्या वर्षापासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. हा बदल आवश्यकच होता. एका गावची पायली दुसऱ्या गावी चालत नसे, आणि शेराचेही तेच होते. मापांच्या या अराजकात अडत्याचे साधे, शेतकऱ्याचे बुडे.

या सुधारणेला जिथे यश आले, तिथे ते का आले, हे पाहणे उद्बोधक आहे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याच्या इतका जवळ आला की शेराची रिकामी जागा त्याने सहज घेतली. पावशेराचा पाव किलो झाला आणि गृहिणीच्या हाताचा अंदाज फारसा चुकला नाही. तथापि अर्धे, पाव, अर्धपाव अशी निम्म्याने मोजण्याची रीत मात्र जुनीच राहिली. तिलाही कारण आहे. १६ आण्यांचे चार वेळा निम्मे केले तरी अपूर्णांक येत नाही. १०० चे तिसऱ्यांदा निम्मे करताच साडेबारा उरतात. मराठी शाळांतील पावकी, निमकी, सवायकी, दिडकी याच हिशेबासाठी होती.

जिथे नवे माप जुन्याच्या जवळ नव्हते, तिथे सवयीने हार मानली नाही. हवामानाचे ४० अंश आपल्याला सेल्सिअसमध्ये समजतात, पण घरातला ताप अजून फॅरनहाइटच्या १०२ वरच चढतो. कापड मीटरने फाडून मिळते, लुगडे मात्र नऊवारीच. मुलाची उंची शाळेच्या दप्तरी सेंटिमीटरमध्ये नोंदली जाते. स्थळ पाहताना ती फूट-इंचांतच सांगितली जाते.

यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. उंचीच्या बाबतीत काहीच बिघडत नाही. परंतु जिथे पैसा आणि हक्क गुंतलेले असतात, तिथे या दोन मापांच्या फटीत सामान्य माणसाचे नुकसान होते. मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज पेढीवर १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीच्या काळचे पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅमहून अधिक, नातीचे पाच तोळे म्हणजे ५०. शब्द तोच राहिला, सोने सातव्या हिश्श्याने घटले. भावाबहिणींच्या वाटणीत एवढ्यावरूनही मने दुखावू शकतात. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि बांधावरची बोलणी एकर-गुंठ्यांत. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे. पण एकराचे गुंठे ४० आणि हेक्टरचे आर १००. उताऱ्यावरचे ०.४० हेक्टर म्हणजे जवळजवळ पुरा एकर, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपल्याच जमिनीचा कागद परका वाटतो. घराचा सौदा चौरस फुटांत ठरतो आणि करारात चौरस मीटर येतात. ५० चौरस मीटर म्हणजे ५३८ चौरस फूट. दहाने गुणून हिशेब करणाऱ्याचा अंदाज ३८ फुटांनी चुकतो.

अशा चुका केवळ अल्पशिक्षितांच्याच होतात असेही नव्हे. अमेरिकेने १९७५ साली मेट्रिकचा कायदा केला, पण तो ऐच्छिक ठेवला. १९९९ साली मंगळाकडे धाडलेले तिचे एक यान नष्ट झाले, कारण एका गटाची आकडेमोड पौंडांत होती आणि दुसऱ्याने ती न्यूटनमध्ये आहे असे गृहीत धरले होते. गणित दोघांनाही येत होते. माप कोणते, एवढेच विचारावयाचे राहिले.

तेव्हा जुने शब्द मोडीत काढण्याचा अट्टहास नको. ‘सोळा आणे खरे’ म्हणणाऱ्याला शंभर पैसे म्हणावयास लावून काय साधणार? मात्र व्यवहाराच्या कागदावर जे माप असेल, त्याच मापात सौदा बोलला जावा, हा आग्रह ग्राहकाने धरलाच पाहिजे. कचेरीतील कारकुनाने उतारा हाती देताना त्याचे एकर-गुंठे तोंडी सांगितले, तर त्याचा क्षणही खर्ची पडत नाही आणि समोरच्याची फसवणूक टळते. शिक्षकांनी मीटर-किलोची कोष्टके घोकून घेण्यापेक्षा वर्गाची खोली मुलांकडून मोजून घ्यावी, दगड हाती देऊन त्याचे वजन ओळखावयास सांगावे. कोष्टक परीक्षेनंतर विसरले जाते. हाताने आणि डोळ्याने शिकलेले माप जन्मभर सोबत राहते. जुन्या पिढीचा शेर असाच टिकला होता.