मृगापासून हस्तापर्यंत : एका शब्दकोड्याची बांधणी

शब्दकोडे सोडवणारे घरोघरी असतात, बांधणारे क्वचित. त्यातही एकाच विषयाभोवती मराठीत कोडे बांधायचे म्हटले, की पहिल्या अर्ध्या तासात आपली लिपी आपल्यासमोर दंड थोपटून उभी राहते. मी आणि माझा एक शेतकरी मित्र, आम्ही दोघांनी पावसाच्या नऊ नक्षत्रांचे कोडे एका वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी तयार केले. विषय त्याचा, शब्दकोश माझे. त्याची अट एकच होती: ज्याला नक्षत्राचे नाव माहीत नाही, त्यालाही शेवटी ते चौकोनांत लिहिता आले पाहिजे. ही अट दिसते तेवढी साधी नाही.

इंग्रजी कोड्याला हे तुलनेने सोपे जाते. आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले कोडे छापले, तेव्हा त्यांच्या हाताशी 26 अक्षरे होती. आपल्याकडे एका चौकोनात पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. 34 व्यंजने गुणिले बाराखडीची बारा रूपे, म्हणजे चारशेच्या वर आकडा गेला. जोडाक्षरे अजून मोजलीच नाहीत. आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात, तिथे दोघांचे अक्षर तंतोतंत एक हवे. 'पूर्वा' आणि 'पुनर्वसू' कानाला शेजारी वाटतात, पण एकात 'र्वा' आहे, दुसऱ्यात 'र्व'. कोड्याच्या दृष्टीने त्यांची ओळखसुद्धा नाही.

म्हणून विषयाचे शब्द आधी मांडायचे, काळे चौकोन नंतर, भरतीचे शब्द त्यानंतर आणि संकेत सर्वांत शेवटी, हा क्रम मराठीत मोडून चालत नाही. आम्ही प्रत्येक नक्षत्राची अक्षरे सुटी केली आणि प्रत्येक अक्षराला 'सोयरीक' शोधली. (हा शब्द मित्राचा.) 'मृग'च्या 'मृ'ला 'अमृत' मिळाले, 'हस्त'च्या 'स्त'ला 'पुस्तक', 'उत्तरा'च्या 'त्त'ला 'पित्तळ', 'पूर्वा'च्या 'र्वा'ला 'दूर्वा'. 'आश्लेषा'तले 'श्ले' अवघड वाटले होते, पण 'विश्लेषण' धावून आले.

सर्वांत सुंदर गाठ पुनर्वसू आणि पुष्य यांची पडली. दोन्ही 'पु'पासून सुरू होतात, तेव्हा एक आडवा आणि दुसरा त्याच चौकोनातून उभा. हा तुकडा पाहा:

■ ■ ■ ■ प ■
■ ■ पु न र्व सू
आ यु ष्य ■ त प

'र्व'मधून 'पर्वत' उतरला, 'सू'खाली 'सूप' आले, 'ष्य'ला डावीकडून 'आयुष्य' भिडले. आणि 'पर्वत'चा 'त' व 'सूप'चा 'प' शेजारी आल्यामुळे न मागता 'तप' मिळाला. बारा वर्षांचा काळ. असे फुकटचे शब्द ओळखणे हाच या उद्योगातला खरा आनंद आहे. मित्राला मात्र वेगळेच कौतुक. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा'. दोघे एकाच घरातून निघाले, याहून बरोबर काय असणार, असे त्याचे म्हणणे.

पण पंचांगात बहुधा 'पुनर्वसु' असते, ऱ्हस्व. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे मराठीत शेवटचा उकार दीर्घ. सोडवणारा पंचांगावर वाढलेला असेल तर तो 'सु' लिहिणार. म्हणून त्या चौकोनाखाली संदिग्ध शब्द चालला नसता. 'धान्य पाखडण्याचे साधन' या संकेतातून 'सूप'च येते आणि उकार आपोआप लांबतो.

आता त्या अटीकडे वळतो, कारण तिला एक इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. मुंबई सरकारने 1948 साली त्यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून अशी स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 9 एप्रिल 1957 रोजी न्यायालयाने ती स्पर्धा जुगाराच्या जातीची ठरवली, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात 1955चा केंद्रीय कायदा कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाही असेही सांगितले. कौशल्य आणि नशीब यांतली ही रेघ कोड्यात नेमकी कुठे असते? समजा संकेत आहे, 'हे मोठे असले की माणूस सुखी', आणि दोन चौकोनांपैकी फक्त 'न' दुसऱ्या शब्दातून मिळतो. धन की मन? दोन्ही बसतात. उत्तर संपादकाच्या बंद पाकिटात. कायद्याचे मला फार कळत नाही, पण माझ्या मते जुगार त्या एका न छेदलेल्या चौकोनातून आत शिरतो.

आमच्या कोड्यात असा एक चौकोन अटळ होता: 'आर्द्रा'तला 'र्द्रा'. या अक्षराचा दुसरा शब्द आम्हाला सापडला नाही. त्याच्या वर आणि खाली काळे चौकोन ठेवावे लागले. दोन अक्षरांच्या नावातले एक अक्षर मुके, आणि उरलेला 'आ' असंख्य शब्दांचा. इथे आमचे बिनसले. मित्राने लिहिले होते, 'मृगामागून येते'. शेतकऱ्याला पुरेसे, पण ज्याला मृग हाच हरणाचा एक प्रकार वाटतो, त्याचे काय? मी लिहिले, 'मृगानंतरचे नक्षत्र. हवामानाच्या बातमीतल्या दमटपणाच्या शब्दाची सख्खी बहीण'. तो म्हणाला, हे तर उत्तरच दिले. माझे म्हणणे असे, की छेद देणारा शब्द नसेल तिथे संकेताने अधिक बोलावे. उलट 'पुष्य'ची दोन्ही अक्षरे छेदातून मिळतात, तिथे 'म्हातारा पाऊस' एवढेच पुरे. माहीत नसणाऱ्याच्याही हाती 'पु' आणि 'ष्य' येतात, आणि ते नाव त्याला जन्मात पहिल्यांदा भेटते.

दोन दिवस आमचे बोलणे 'आर्द्रा'वर अडले होते. तिसऱ्या दिवशी त्याने शाळेत जाणाऱ्या नातवाला दोन्ही संकेत वाचून दाखवले. पहिल्यावर पोर गप्प. दुसऱ्यावर 'आर्द्रता' म्हणाले, बोटांवर चौकोन मोजले आणि शेवटचा 'ता' गाळून 'द्र'ला काना दिला. मित्राने माझा संकेत ठेवला, फक्त 'सख्खी'च्या जागी 'चुलत' केले. 'हस्त'साठी 'हत्तीचा पाऊस' त्यानेच लिहिले, आणि चित्रा-स्वातीला या नवांत जागा नाही हेही त्यानेच ठरवले.