ब्रेसेस आधी की कॅप आधी? मोठेपणी दात सरळ करताना कामाचा क्रम आणि पैशांचं गणित

आजचा भाग दातांवर आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेले चौदा महिने माझ्या तोंडात तारा आहेत, आणि त्या लावायच्या आधी दोन महिने मी फक्त एकाच प्रश्नावर घालवले: एवढी सगळी कामं करायची आहेत, तर कुठलं आधी आणि कुठलं नंतर? माझ्या वयाचे बरेच जण, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचे, नोकरी लागल्यावर ब्रेसेस लावतात. शाळेतल्या मुलाच्या तोंडात सहसा जुनी कॅप नसते, काढलेली दाढ नसते. आपल्या असते. त्यामुळे आपलं गणित वेगळं.

आधी माझ्या तोंडाची यादी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

दातांच्या एस्टिमेटवर ३६, ४६ असे आकडे असतात. ते वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. पहिला आकडा म्हणजे तोंडाचा कोपरा: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. उजवा-डावा आपला, समोर बसलेल्या डॉक्टरांचा नाही. दुसरा आकडा म्हणजे मधून मोजत गेलं की कितवा दात. म्हणजे ३६ ही खाली डावीकडची सहावी, पहिली मोठी दाढ.

तर माझं असं होतं. ३६ नाही, कॉलेजात असताना काढावी लागली. तिच्या मागची ३७ हळूहळू त्या मोकळ्या जागेत झुकलेली. ३८, म्हणजे अक्कलदाढ, हाडात आडवी. ४६ ला जुनं रूट कॅनाल आणि कॅप, पण कॅपच्या कडेखाली कीड. २५ ला छोटी कीड. १२, म्हणजे पटाशीच्या शेजारचा दात, जन्मापासून खुंटीसारखा बारीक. आणि पुढचे दात एकमेकांवर चढलेले, ज्यासाठी मुळात मी गेलो होतो.

पहिल्या ठिकाणी मला मिळालेलं एस्टिमेट असं होतं: क्लीनिंग १,५००, २५ चं फिलिंग १,५००, ४६ ला झिरकोनिया कॅप १२,०००, ३६ च्या जागी इम्प्लांट आणि वरची कॅप मिळून ४५,०००, १२ वर व्हेनियर १२,०००, आणि मग ब्रेसेस ६५,०००. एकूण १,३७,०००. क्रम हाच. आधी सगळं 'दुरुस्त' करू, मग दात सरळ करू. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, नाही का? घर रंगवायच्या आधी भिंतीला प्लास्टर करतो तसं.

पण दात सरळ करणं म्हणजे रंग देणं नाही, ते भिंती सरकवणं आहे. आता हे का, ते बघू.

दात हलतो कसा?

दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. मुळाभोवती तंतूंचा एक पातळ थर असतो, त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. तारेने हळूहळू दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड तयार होतं. असा दात सरकतो. रूट कॅनाल केलेला दातही सरकतो, कारण रूट कॅनालमध्ये आतली नस काढलेली असते, बाहेरचा हा थर तसाच असतो.

इम्प्लांटला मात्र हा थर नसतो. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाला चिकटतो. तीच तर त्याची ताकद. म्हणजे एकदा बसला की तो तारेने हलत नाही. बाकी सगळे दात हलणार आणि हा एकटा जुन्या जागी उभा राहणार. माझ्या बाबतीत तर ३७ झुकलेली होती, म्हणजे ३६ ची जागाच अरुंद झालेली. त्या अरुंद जागेत इम्प्लांट टाकला, आणि नंतर ३७ सरळ केली, की कॅपच्या शेजारी फट पडणार. क्वचित कधी ऑर्थोडॉन्टिस्ट मुद्दाम इम्प्लांट आधी घ्यायला सांगतात, त्याचा आधार घेऊन बाकीचे दात ओढायला. पण मग त्याची जागा शेवटचं चित्र समोर ठेवून मोजलेली असते.

कॅपचं दुसरंच. कॅप दाताबरोबर हलते, तो प्रश्न नाही. पण कॅपचा वरचा आकार समोरच्या दाताशी जुळवून केलेला असतो. दात हलले की चावण्याची जुळणी बदलते, आणि ती कॅप उंच लागते किंवा लागतच नाही. शिवाय आपल्या स्वतःच्या दातावर ब्रॅकेट चिकटवायला फॉस्फोरिक अॅसिडचं जेल लावतात. सिरॅमिकवर ते चालत नाही, पृष्ठभाग वेगळ्या पद्धतीने खरखरीत करावा लागतो, आणि ब्रॅकेट काढताना वरची चकाकी जायची किंवा टवका उडायची शक्यता असते. बारा हजारांच्या नव्या कॅपवर हे कोण करणार? आणि जुना ब्रिज असेल तर अजून एक अडचण: ब्रिज दोन दातांना एकत्र बांधतो, ते वेगवेगळे हलूच शकत नाहीत. तो बहुतेक वेळा मधून कापावा लागतो.

मग मी कामांचे तीन ढीग केले

दुसरं मत घ्यायला मी एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात एमडीएस केलेले. त्या मॅडमनी ओपीजी एक्स-रे बघून सगळी यादी उलटी लावली. आमच्या कामात एखादं मॉड्यूल कशावर अवलंबून आहे ते आधी बघतो, तसंच. मी ते माझ्या भाषेत असं लिहून ठेवलं.

पहिला ढीग, थांबू शकत नाही. जिथे कीड चालू आहे, हिरडीला सूज आहे, पू आहे, ते सगळं तारा लावायच्या आधी. तारा लागल्या की साफसफाई अवघड होते, कीड वेगाने वाढते, आणि सुजलेल्या हिरडीत दात हलवला तर हाड जातं. माझ्यात २५ चं फिलिंग, क्लीनिंग आणि ४६ च्या कॅपखालची कीड या ढिगात. ३८ काढणं पण इथेच, कारण ३७ मागे सरळ करायला ती आडवी येत होती.

दुसरा ढीग, तात्पुरतं सांभाळायचं. ४६ ची कीड काढली, पण रूट कॅनाल झालेली दाढ उघडी ठेवली तर चावताना तडकू शकते. म्हणून तिच्यावर पक्की कॅप न घालता जास्त दिवस टिकणारी तात्पुरती कॅप घातली. कीड काढणं, आतलं फिलिंग आणि ही कॅप मिळून ४,५००. १२ च्या दाताला दोन्ही बाजूंनी जागा तयार झाल्यावर पाचव्या महिन्यात कॉम्पोझिटने आकार दिला, ३,०००. व्हेनियरसाठी बहुतेक वेळा दात थोडा घासावा लागतो, आणि घासलेलं एनॅमल परत येत नाही. कॉम्पोझिट वरून चिकटवतात. पुढेमागे डाग पडले तर पॉलिश होतं, बदलताही येतं.

तिसरा ढीग, तारा निघाल्यावर. ४६ ची पक्की कॅप आणि ३६ चा इम्प्लांट.

सगळ्यात अवघड निर्णय: जागा बंद करायची की ठेवायची?

इथे खरे ४५,००० रुपये पणाला होते. ३७ पुढे ओढून ३६ ची जागा बंद केली, तर इम्प्लांटच नको. असं करता येतं, हाडात छोटे मिनी स्क्रू लावून त्यांच्या आधाराने. माझ्यासाठी हिशोब होता दोन स्क्रूचे ८,००० आणि आठ-दहा महिने जास्त. सरळ ३७,००० ची बचत. दोन दिवस मी याच बाजूने होतो.

पण मग दोन गोष्टी बघितल्या. एक, दाढ काढून बरीच वर्षं झाली की तिथलं हाड बारीक होतं. त्या बारीक हाडातून मोठी दाढ ओढत न्यायची म्हणजे वेळ जास्त, आणि मुळं झिजण्याची किंवा हिरडी खाली जाण्याची जोखीमही. दोन, ३७ पुढे गेली की तिच्या मागे कोण? ३८ सरळ आलेली असती तर तिला पुढे आणता आलं असतं. माझी आडवी. म्हणजे वरच्या २७ ला खाली चावायला जोडीदारच उरला नसता, आणि जोडीदार नसलेला दात हळूहळू खाली उतरतो. एक भोक बुजवायला दुसरं तयार. म्हणून ३७ सरळ करायची, जागा मोजून ठेवायची आणि शेवटी इम्प्लांट, असं ठरवलं. तुमची अक्कलदाढ चांगली, सरळ असेल तर तुमचं उत्तर उलटं येऊ शकतं. हा प्रश्न आवर्जून विचारा.

आता पैसे

नवं एस्टिमेट: क्लीनिंग १,५००, फिलिंग १,५००, ४६ तात्पुरतं ४,५००, १२ कॉम्पोझिट ३,०००, ३८ काढणं ६,०००, ब्रेसेस ६५,०००, पक्की कॅप १२,०००, इम्प्लांट ४५,०००. एकूण १,३८,५००. हो, पहिल्यापेक्षा १,५०० ने जास्तच! घरी आईने विचारलं, "अरे, मग एवढं फिरून मिळवलंस काय?"

मिळवलं हे: पहिल्या क्रमात कॅप आणि व्हेनियर दात हलल्यावर पुन्हा करावं लागलं असतं तर आणखी २४,००० गेले असते, आणि इम्प्लांट चुकीच्या जागी बसला असता तर त्याला पैशाने सुद्धा सहज उत्तर नव्हतं. दोन्ही एस्टिमेटमध्ये नसलेले खर्च मी वेगळे विचारून घेतले: ३७ साठी एक मिनी स्क्रू ४,०००, निघालेले ब्रॅकेट परत लावायचे धरून २,०००, इम्प्लांटच्या आधीचा सीबीसीटी स्कॅन ३,०००, रिटेनरचे दोन सेट ७,०००. म्हणजे खरा आकडा १,५४,५००. हे आकडे पुण्यातल्या माझ्या डॉक्टरांचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. बघायची ती रचना.

रिटेनर दोन का? तारा काढल्या त्याच दिवशी रिटेनर लागतो, नाहीतर दात परत फिरायला लागतात. पण तो त्या दिवशीच्या दातांच्या मापाचा. नंतर नवी कॅप आणि इम्प्लांटवरची कॅप बसली की तो नीट बसत नाही. दुसरा करावा लागतो. हे आधीच धरा.

आता हेच वेळेत मांडू. पहिल्या सहा महिन्यांत १६,५००. ब्रेसेसचे सुरुवातीला २०,०००, उरलेले ४५,००० अठरा महिने दरमहा २,५००. मधले किरकोळ ६,०००. शेवटी कॅप, इम्प्लांट, स्कॅन, रिटेनर मिळून ६७,०००. त्या शेवटच्या रकमेसाठी मी दरमहा ३,५०० ची आरडी लावली, वीस महिन्यांत ७०,००० होतात. म्हणजे महिन्याला सहा हजार. कर्ज नाही, क्रेडिट कार्डाचा हप्ता नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' घेणार असाल तर दोन गोष्टी विचारा: प्रोसेसिंग फी किती, आणि रोख दिले तर सूट किती. ती सूट हुकली, तर तोच तुमचा व्याजदर.

इन्शुरन्सचं थोडक्यात. साध्या हेल्थ पॉलिसीत दातांचं काम बहुतेक अपघातामुळे असेल तरच धरतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची वेगळी मर्यादा असेल तर फिलिंग, रूट कॅनाल, दाढ काढणं यांचे पैसे मिळू शकतात. ब्रेसेस आणि इम्प्लांट माझ्या पॉलिसीत नव्हते. प्रत्येक कामाचं वेगळं बिल घ्या, त्यावर दाताचा नंबर आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. कामच दोन वर्षांत विभागलेलं असल्याने दोन वर्षांची मर्यादा आपोआप वापरता येते.

हे सगळंच आवाक्याबाहेर असेल तर डेंटल कॉलेज हा खरा पर्याय आहे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं. तिथे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च बराच कमी, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

जायच्या आधी चार कामं

एक, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि कॅप-इम्प्लांट करणारे डॉक्टर यांनी मिळून एका कागदावर क्रम लिहून द्यायला हवा. वेगवेगळ्या दवाखान्यांत असाल तर तो कागद तुम्हीच इकडून तिकडे न्या.

दोन, ओपीजी, स्कॅन, फोटो यांच्या फाइल्स स्वतःकडे ठेवा. आपल्या क्षेत्रात उद्या बंगळुरूची ऑफर आली की अर्ध्यात डॉक्टर बदलावे लागतात.

तीन, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. 'आत्ता पूर्ण भरा, दहा टक्के सूट' मला पण सांगितलं होतं.

चार, खालच्या दातांना सिरॅमिक घ्यायचं का ते विचारा. सिरॅमिक ब्रॅकेट एनॅमलपेक्षा कडक असतात, वरचे दात त्यावर घासू शकतात. मी वर सिरॅमिक आणि खाली मेटल घेतलं. आणि हो, सिरॅमिक पांढरंच राहतं, पण त्यावरचे छोटे रबर आपल्या हळदीने दोन जेवणांत पिवळे होतात. पुढच्या भेटीत बदलतात, टेन्शन घेऊ नका.

माझी सध्याची स्थिती: ३७ जवळजवळ सरळ, १२ आता दातासारखा दिसतो, ४६ ची तात्पुरती कॅप एकदा निघाली होती, ती परत चिकटवली. इम्प्लांटला अजून किमान सहा महिने. हाड कमी भरलं तर बोन ग्राफ्टचा खर्च येईल, म्हणून आरडी मोडायची नाही असं ठरलंय.

तुमच्या एस्टिमेटमध्ये क्रम कसा दिलाय, ते एकदा या तीन ढिगांत टाकून बघा आणि मग डॉक्टरांना प्रश्न विचारा. पुढच्या भागात टर्म इन्शुरन्सवर बोलू. तोवर चिक्की आणि ऊस जरा लांबच ठेवा. भेटू.