मांजराच्या दाढेत पेन्सिल

मांजर चार पायांवर पडतं हे खरं. पण चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून कबुतरामागे झेपावलेल्या मांजराचा सगळा वेग पायांत जिरत नाही. पाय टेकतात, पाठोपाठ हनुवटी फरशीवर आदळते. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची न्यूयॉर्कमधली पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक मांजरांच्या तोंडाला मार लागला होता.

असं मांजर वाटीशी जातं, वास घेतं आणि परत फिरतं. तोंड मिटत नाही, लाळ गळत राहते. समोरून पाहिलं तर खालचा जबडा एकीकडे सरकलेला. कानापुढचा सांधा निखळला असेल, तर जबड्याचं टोक बहुधा पुढे आणि वर सरकतं नि हनुवटी विरुद्ध बाजूला वळते. टोक मोडलंच असेल, तर ती मोडलेल्या बाजूकडे झुकते. खूण कामाची, पण तिच्यावर विसंबता येत नाही. एक्स-रेत कवटीची हाडं एकमेकांवर चढतात. सीटी स्कॅनमध्ये ती सुटी दिसतात.

निखळलेला सांधा बसवायला लागते साधी पेन्सिल. मांजराला पूर्ण भूल द्यायची, दुखऱ्या बाजूच्या दाढांमध्ये होईल तितकी मागे पेन्सिल आडवी धरायची आणि तोंड पुढून हलकेच मिटायचं. पेन्सिल टेकू होते, दाढांमागचं हाड खाली उतरतं. मग जबडा मागे ढकलला की टोक खोबणीत बसतं. (घरी हा प्रयोग करू नये. हाड मोडलेलं असेल तर हाच जोर ते आणखी मोडतो. शिवाय शुद्धीवरचं मांजर पेन्सिल सोडून आपलं बोट धरतं.) पुढे आठवडा-दोन आठवडे जबड्याला पट्टी, लागलंच तर मानेतून अन्ननलिकेत नळी. कारण काही दिवस उपाशी राहिलं की मांजराच्या यकृतात चरबी साचते. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नये; एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

लहान पिल्लात हा मार कधीकधी उशिरा बोलतो. सांध्याभोवती हाड वाढतं, काही आठवड्यांनी-महिन्यांनी तोंड उघडेनासं होतं. इथे पेन्सिल आत जातच नाही. भुलीची नळीही कधी गळ्याला छेद देऊन घालावी लागते. मग जुळलेलं हाड सांध्याच्या टोकासकट कापून काढतात. सांधा गेला तरी स्नायूंच्या आधारावर मांजर पुन्हा खाऊ लागतं.