मेढ्यापासून रुग्णालयापर्यंत : जन आरोग्य योजना समजून घेऊ या

वेण्णा नदीकाठी वसलेले मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. भोवतालच्या डोंगरातील वाड्यावस्त्यांवरून आजारी माणसाला प्रथम येथे आणले जाते. मात्र हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगावरील उपचार यांसाठी सातारा, कऱ्हाड, प्रसंगी पुणे गाठावे लागते. अशा वेळी आजाराइतकीच चिंता पैशाची असते. जमीन गहाण टाकून उपचार केलेली कुटुंबे आपल्या परिचयातही असतील.

ही चिंता दूर व्हावी म्हणून राज्य शासनाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. सातारा जिल्हा त्यांत नव्हता; २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण हे याच सातारा जिल्ह्यातील. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते प्रतिकुटुंब पाच लाख रुपये झाले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना योजनेत स्थान मिळाले. त्या वेळी योजनेत १,३५६ उपचारांचा समावेश होता.

तथापि, योजना असणे आणि तिचा लाभ मिळणे यांत अंतर आहे. ते पैशाचे नसून माहितीचे आहे. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. सर्दी-तापाच्या साध्या तपासणीसाठी नाही. (आरोग्य विभागाच्या शासकीय रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.) लाभ केवळ योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच मिळतो. तेथे ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. दाखल होतानाच शिधापत्रिका व आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. त्यानंतर रुग्णालय उपचाराची पूर्वमंजुरी मागवते. तातडीच्या प्रसंगी ती दूरध्वनीवरूनही मिळते. मंजूर उपचारात औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, इतकेच नव्हे तर घरी परतण्याचे एस.टी.चे भाडेही धरलेले असते. म्हणून पैसे मागितले गेल्यास ते भरण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करावी. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

अनेकदा अडचण निर्माण होते ती कागदपत्रांमुळे. नव्या सुनेचे वा बाळाचे नाव शिधापत्रिकेवर नसते, तर कधी दोन कागदांवरील नावे जुळत नाहीत. दुखणे अंगावर आले असताना तहसील कार्यालयात खेटे घालणे कोणास जमणार? ही दुरुस्ती घरातील सर्वजण धडधाकट असतानाच करून घ्यावी.

प्रत्येक धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी जवळच्या समाविष्ट रुग्णालयांची यादी जवळ ठेवली, वृद्धांची कागदपत्रे तपासून दिली आणि गरज पडल्यास कोणी रुग्णासोबत रुग्णालयापर्यंत गेले, तर अनेक घरे कर्जापासून वाचतील. डोंगरातल्या एकट्या म्हातारीला योजनेचे नाव ठाऊक असण्यापेक्षा, तिची शिधापत्रिका घेऊन सोबत चालणारे माणूस अधिक उपयोगी पडते.